पाठीवरची चुणी

आवाज झाला आणि मी चुकीच्या खोलीत धावले.

धप्प असा आवाज, ओल्या कपड्यांचं बोचकं टाकावं तसा. मी हातातला टॉवेल टाकून मुलीच्या खोलीकडे पळाले. ती सतरंजीवर बसून पायातला मोजा चोखत होती. मला बघून हसली. मी तिला उचललं, डोकं चाचपलं, पाठ चाचपली, पुन्हा डोकं चाचपलं, आणि मग कळलं की आवाज इथला नव्हताच. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. सासरे स्वयंपाकघरात जमिनीवर होते, ओट्याला पाठ टेकून, एक पाय अंगाखाली दुमडलेला, आणि चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं. होतं ते न सांगता कुणाकडे जेवायच्या वेळी पोचलेल्या माणसाचं ओशाळं हसू. "काही नाही गं, काही नाही," ते म्हणाले, "फरशी कोरडीच आहे." जणू चूक फरशीची नव्हती, एवढं आधी नोंदवून घ्यायला हवं होतं. एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातानं त्यांना उठवू पाहणारी मी. तिघंही जवळजवळ आडवे झालो. शेवटी मुलीला टेबलाखाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि कसंबसं त्यांना बसवलं. त्यांच्या दंडाला लागलेला माझा हात नंतर बराच वेळ मला वेगळा वाटत राहिला. चार वर्षं मी या घरात आहे. त्यांना चहा दिलाय, चष्मा शोधून दिलाय, त्यांच्या हातून वर्तमानपत्र घेतलंय. पण धरलं असं कधीच नव्हतं. दंड केवढासा होता. बाहीत दंड कमी आणि बाहीच जास्त.

त्या तीन सेकंदांचं मी पुढे बरंच काही केलं. भांडी घासताना केलं, मुलीला झोपवताना केलं, दवाखान्यात एक्स-रेची वाट बघताना तर फारच. आधी त्यांच्याकडे धावले असते तर काय झालं असतं? काहीच नाही. ते पडलेलेच होते. पण आवाज ऐकल्यावर पाय ज्या बाजूला गेले, ती बाजू पायांनी निवडली होती, मला न विचारता. नवरा म्हणाला, "अगं, आई आहेस. पोराकडेच धावणार. बाबांनीही तेच केलं असतं." त्याचं हे असंच. मला तो घरातला सीसीटीव्ही म्हणतो. मुलीचा श्वास चालू आहे का हे मी दिवसातून किती वेळा बघते, ते त्यानं एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून मोजलं होतं. मी हसले होते. पण मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यावर माझा पाय सटकला होता हे त्याला माहीत नाही. नुसता सटकला, मी पडलेही नाही, कठडा हातात होता. तरी तेव्हापासून मी जिना उतरते ती एकेक पायरी तपासून. तसं तपासणं हेच माझं काम. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठ्या असतात ना, त्या छापायला जाण्यापूर्वी मी वाचते. चक्कर येणे, तोल जाणे, पडणे. हे शब्द मी इतक्यांदा वाचलेत की त्यांच्यामधला स्वल्पविराम जरी सरकला तरी मला टोचतो. मात्र तोल जाणे आणि पडणे यांच्यात किती वेळ असतो, हे कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

चार महिन्यांतलं हे त्यांचं तिसरं पडणं. हाड शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले, औषध असं काही नाही, पाय आणि तोल दोन्ही शिकवावे लागतील, बारा आठवड्यांचा वर्ग असतो, घाला. मोठ्या दिरांचा फोन आला. ते दुसऱ्या शहरात असतात आणि फोनवरही उभ्यानं बोलल्यासारखे बोलतात. "तुझी रजा संपतेय ना? मग दिवसभर ते एकटे? काही नको. माझ्याकडे पाठवा, मी माणूस ठेवतो." त्यांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. माझी रजा संपायलाही बाराच आठवडे उरले होते. मुलगी पाळणाघरात जाणार, नवरा आणि मी कामावर, नऊ ते साडेपाच घरात सासरे आणि फ्रीज. शेवटी ठरलं ते असं: वर्ग पुरा करायचा, तिथल्या बाई शेवटी चाचणी घेऊन कागद देतात, त्यात हे एकटे राहू शकतात असं आलं तर इथेच, नाही तर दीर गाडी घेऊन येतील. सासरे हे सगळं ऐकत बाल्कनीत बसले होते. एवढंच म्हणाले, "त्याच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते." आमच्या बाल्कनीतून तीन पाट्या दिसतात, एक चपलांच्या दुकानाची, एक चष्म्यांची आणि एक बंद पडलेल्या टंकलेखन संस्थेची. तिन्ही त्यांनी रंगवलेल्या. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून त्यांनी या रस्त्यांवर अक्षरं काढली, आणि आता कोरड्या फरशीवर पडत होते. बंद संस्थेच्या पाटीवरचा 'ट' अजून इतका काळाभोर आहे की मला तो बाकीच्या दुनियेपेक्षा जास्त टिकेल असं वाटतं.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा, आठवड्यातून दोनदा. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या रेघा, भिंतीला लावून डझनभर खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीजवळ कुणाची तरी मुलगी, सून, नवरा. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून लहान, पण खांदे असे की कपाट एकटीनं सरकवतील. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'तोलबाई' ठेवलं, आणि नंतर ते त्यांना तोंडावर म्हणायलाही लागले. तोलबाईंनी आधी चाचणी घेतली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सासऱ्यांना एकोणीस सेकंद लागले. "बारा हवेत," तोलबाई म्हणाल्या. मग एका पायावर उभं राहणं: दोन सेकंद. "दहा हवेत." "कुणाला?" सासऱ्यांनी विचारलं. "बगळ्याला?" सगळा हॉल हसला. तोलबाईही हसल्या, पण त्यांनी लिहिलं दोनच. मग आम्हा घरच्यांकडे वळून म्हणाल्या, "घाबरून चालणारा माणूस पाय उचलत नाही, घासतो. घासलेला पाय अडकतो. म्हणून रोज घरी सराव. आणि तुम्ही लोकांनी एका हाताच्या अंतरावर राहायचं. पडायला लागले तर पकडा, तोवर धरायचं नाही. कळलं? धरायचं नाही." मी मान हलवली. चांगल्या विद्यार्थिनीसारखी मी वहीत लिहूनही घेतलं.

घरी सकाळी नवरा गेला की पॅसेजमध्ये सराव सुरू. फरश्यांच्या सांध्यावरून टाच-बोट, टाच-बोट चालायचं. मुलगी सतरंजीवरून रांगत मध्ये यायची, प्रत्येक पावलापाशी थांबून ते नीट पडलं की नाही हे बघायची. "आले मुकादम," सासरे म्हणायचे. तेव्हापासून तिचं नाव घरात मुकादमच झालं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ते सहाव्या पावलाला डावीकडे झुकले. फारसे नाही. कदाचित सावरलेही असते. पण माझा हात आधीच पोचला होता, अंगाला नाही, अंगाला लावायचा संकोच होता, तर कमरेपाशी शर्टाला. अंगठा आणि पहिलं बोट, बस. छापील कागदाचा कोपरा धरावा तसं. कापड ताणलं गेलं आणि ते सरळ झाले. त्यांना कळलं नाही, असं मला वाटलं. मला मात्र त्या चिमटीतून त्यांचं सगळं वजन कळलं, केवढं कमी आणि केवढं मोठं. दुसऱ्या दिवशी मी सुरुवातीपासूनच धरलं. हे धरणं नव्हेच, मी स्वतःला म्हणाले, ही फक्त दोन बोटं. एका पायावर ते पाच सेकंद उभे राहू लागले, मग आठ, मग अकरा. मी मोठ्यानं मोजायची आणि मुकादम टाळ्या वाजवायची. संध्याकाळी नवऱ्याला आकडा सांगताना मला आत कुठे तरी खडा लागल्यासारखं व्हायचं. भातात लागतो तसा, थुंकायचा की गिळायचा हे ठरेपर्यंत गिळला गेलेला. पण आकडा तर खरा होता. अकरा म्हणजे अकरा.

सहाव्या आठवड्यात तोलबाईंनी पुन्हा चाचणी घेतली. तीन मीटर जाऊन येणं: अठरा सेकंद. एका पायावर: दोन, आणि तिसऱ्याला त्यांचा देह उजवीकडे असा कलला की तोलबाईंनी दोन्ही हातांनी पकडलं नसतं तर खुर्चीसकट गेले असते. शेजारच्या आजी, ज्या पहिल्या दिवशी त्यांच्याहून डगमगत होत्या, आता तीन मीटरला चौदा सेकंदांवर आल्या होत्या. तोलबाई कागदाकडे बघत राहिल्या. "घरी करता ना?" "रोज," सासरे म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही. विचारा सूनबाईंना." सूनबाईंनी हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलावं. वाटलं, आणि तोंड उघडेना. तोलबाई त्यांच्या मागे गेल्या, पाठ ताठ आहे का बघायला, आणि थांबल्या. शर्टाच्या मागे, कमरेच्या डाव्या अंगाला, कापडाला एक लहानशी चुणी पडली होती. इस्त्रीनंही न जाणारी. "मागच्या वेळी निळ्या शर्टाला पण इथेच होती," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हेच वाईट झालं. पाहिलं असतं तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, "आजपासून घरी कोपऱ्यात सराव करा. मागे दोन्ही बाजूंना भिंत, पुढे जड खुर्ची. तोल गेलाच तर भिंत आहे. आणि घरच्यांचे हात खिशात." तेव्हा समजलं की सहा आठवडे मी त्यांना तोल शिकवत नव्हते. त्यांच्या पायांना मी माझी दोन बोटं शिकवत होते.

घरी जाताना आम्ही बसच्या थांब्यावरच्या बाकावर बसलो. मुकादम माझ्या पोटाशी झोळीत झोपलेली. सहा आठवडे फुकट गेले, सहाच उरले. दिरांची गाडी मला दिसायला लागली होती, डिकी उघडी, त्यात यांची बॅग, ब्रशांचा डबा. मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. मी धरत होते." "हो की," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं?" "पहिल्या दिवसापासून." त्यांनी जोड्यातली टाच जराशी वर केली, खाली टेकवली. "शिडीवर चाळीस वर्षं काढली मी. खालच्यानं हात लावला, काढला, नुसता घाम पुसायला एक हात सोडला, तरी तळव्यांना कळतं." "मग बोलला का नाहीत?" ते जरा वेळ समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिले. ती त्यांची नव्हती, प्लॅस्टिकची होती. "तुझी बोटं थरथरत होती," ते म्हणाले. "म्हटलं, धरू दे. तिला तेवढाच आधार." मला हसू आलं आणि त्यातच हुंदका आला, आणि झोळीत मुकादमनं कूस बदलली. मग ते सासूबाईंबद्दल बोलले. त्या मी लग्न होऊन येण्यापूर्वीच गेल्या, मला फोटोपुरत्या माहीत. सुरुवातीच्या वर्षांत शिडी त्याच धरायच्या. "धरायची कसली! खालच्या पायरीवर एक पाय ठेवून पेपर वाचायची. एकदा वर बघितलं नाही तिनं. मी एकदा चिडलो, म्हटलं, अगं मी मरेन आणि तुला शब्दकोडं सुटलेलं असेल. तर म्हणाली, मी वर बघितलं की तुम्ही खाली बघता." बस आली. ते हात न टेकता बाकावरून उठले. मी झोळीचे बंद दोन्ही हातांनी धरून ठेवले.

नंतरच्या आठवड्यांत मला माझ्या हातांची फार अडचण झाली. ते खिशात ठेवले की खिशात घाम यायचा. पॅसेजच्या कोपऱ्यात सासरे एका पायावर उभे राहायचे, पुढे जड खुर्ची, आणि मी खुर्चीच्या पलीकडे त्यांच्याकडे पाठ करून मुलीचे कपडे घडी करायची. मागे श्वास ऐकू यायचा, मग भिंतीला खांदा घासल्याचा आवाज, मग "च्यायला," मग पुन्हा श्वास. मी झबली घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची. आकडे रांगत आले. तीन. चार. पुन्हा तीन. एका आठवड्यात चार आणि पुढच्यात एकदम सहा. हे आकडे मी नवऱ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अरे, आधी तर अकरा होते!" मी म्हणाले, "ते माझे होते." नवव्या आठवड्यात तोलबाईंनी जमिनीवरून उठायला शिकवलं. पडलात तर आधी तसंच पडून राहायचं, कुठे दुखतंय का बघायचं. मग कुशीवर वळायचं. मग हात-गुडघ्यांवर. रांगत खुर्चीपाशी जायचं, हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे, आणि वर. आमच्याकडे याचा सराव सुरू झाला की मुकादमला आनंद आवरायचा नाही. घरात आणखी एक जण रांगायला लागला म्हणून ती आजोबांच्या पुढे पुढे वाट दाखवत जायची. "हिला विचार," ते धापा टाकत म्हणायचे, "पुढचा पाय कोणता?" पण शेवटच्या उठण्याला दर वेळी त्यांना माझा हात लागायचाच. नुसता तळवा टेकवण्यापुरता. ते तो मागायचे नाहीत, मी द्यायची नाही, आणि तरी तो तिथे असायचा.

शेवटच्या चाचणीत तीन मीटरला साडेअकरा सेकंद लागले. एका पायावर दहा, आणि सासरे म्हणाले, "बगळा पास." हॉलनं टाळ्या वाजवल्या. तोलबाईंनी कागद भरला, सगळे चौकोन, एक सोडून. 'पडल्यास कुणाच्याही मदतीशिवाय उठता येते.' तो रिकामा. "इथे मी हात दिला," त्या म्हणाल्या. "थोडासाच, पण दिला. खोटं नाही लिहिणार. एकटे राहणार असतील तर हाच चौकोन महत्त्वाचा. घरी एकदा तरी स्वतःहून उठले, तर तुम्ही भरा, मला फोन करा. तुमच्यावर सोडते." माझ्यावर! मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या आता हसत होत्या. दीर रविवारी येणार होते, सोमवारी माझी नोकरी सुरू. गुरुवार, शुक्रवार आम्ही जमिनीवरून उठायचा सराव केला. दोन्ही दिवशी त्यांनी खुर्चीवर हात ठेवले, पाय पुढे घेतला, जोर केला, आणि माझ्या पावलांची चाहूल लागताच जोर सोडला. ऑफिसात असा रिकामा चौकोन दिसला तर मी समासात प्रश्नचिन्ह काढते आणि पुढे जाते. इथे पुढे जायला पान नव्हतं.

शनिवारी सकाळी मी मुलीला आंघोळ घालून फ्रॉक चढवत होते. आवाज झाला.

तोच, ओल्या बोचक्याचा. या वेळी कुठला हे शोधायला नको होतं, मुलगी माझ्या हातात होती. मी तिला घेऊन पॅसेजमधून धावले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी, दाराच्या अलीकडे, थांबले. कशी थांबले मला ठाऊक नाही. पाय थांबले. "बाबा, लागलं का?" मग त्यांचा आवाज, जमिनीच्या उंचीवरून आलेला: "बघतोय." तोलबाईंनी सांगितलं होतं तसं, आधी बघायचं. मी भिंतीला पाठ लावली. फ्रीज घरघरत होता. "कुठे दुखत नाही," आतून आलं, "तू तिथेच थांब. येऊ नको." मी एक पाय उंबऱ्याच्या कडेवर ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. आत कापड फरशीवर घासलं. कूस. मग तळव्यांची थाप, एक, दोन. हात-गुडघे. मग रांगणं, आणि मध्येच ते थांबलं, इतका वेळ थांबलं की मी मनात दिरांच्या गाडीचा रंगही पाहिला. मुकादम मान लांब करून दाराकडे बघत होती. तिला तो आवाज ओळखीचा होता. "आ," ती म्हणाली. खुर्ची किंचित करकरली. हात. श्वास. "पुढचा पाय कोणता, मुकादम?" त्यांनी विचारलं, हळू, स्वतःलाच. खुर्ची पुन्हा करकरली, जोरात, आणि मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांत मला एक बाई दिसली, शिडीच्या खालच्या पायरीवर पाय ठेवून पेपर वाचणारी. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, कारण तिनं वर पाहिलं नाही.

मग नळाचा आवाज आला. ते पेला विसळत होते.

माझ्या लक्षात आलं की मुलीचा फ्रॉक मी पाठीमागून दोन बोटांत घट्ट धरलाय. सोडला. कापड हातानं सारखं केलं, आणि आत गेले. सासरे ओट्यापाशी उभे होते, पायजमा एका गुडघ्याला ओला, केस कपाळावर आलेले. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "फरशी ओली होती. पाणी मीच सांडलं. या वेळी चूक फरशीची." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तो चौकोन भरून टाक. पेनानं भर, पेन्सिलनं नको."

मी मुकादमला त्यांच्यापाशी खुर्चीवर बसवलं, फडकं घेतलं आणि पाणी पुसायला वाकले. ओट्याखालपर्यंत गेलं होतं. हात लांब करावा लागला, तळवे ओल्या फरशीवर सरकत होते. पाठीमागे, कमरेच्या वर, कापड जरासं ताणलं गेलं. चिमटीएवढंच. रंग लावून लावून खरखरीत झालेली दोन बोटं.

मी मागे वळून पाहिलं नाही. कोपऱ्यापर्यंत सगळं कोरडं करत गेले.